खाऱ्या पाण्यातून आलेली आउटबोर्ड मोटर धुणे : सोलापूर परिसरातील मोटरधारकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरला समुद्र नाही. मग खाऱ्या पाण्याचा प्रश्न येथे येतोच कशाला?

समुद्र नसला तरी समुद्रावरच्या आउटबोर्ड मोटरी, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायची इंजिने, येथे येतात. उजनी जलाशयात मासेमारी करणारे, भिगवणच्या बाजूला पक्षी दाखवायला पर्यटकांना नेणारे आणि पंढरपुरात चंद्रभागेत होड्या चालवणारे अनेक जण नवी मोटर परवडत नाही म्हणून किनाऱ्यावरची वापरलेली मोटर घेतात. रत्नागिरीहून नागपूरला जाणारा महामार्ग सोलापूरवरूनच जात असल्यामुळे मोटर टेम्पोत टाकून आणणे सोपे असते. अडचण अशी की मोटरीबरोबर तिच्या पोटातले मीठही येते आणि ते काढण्याची सवय आपल्याकडे नाही, कारण भीमेच्या पाण्यात ती कधी लागलीच नाही. किनाऱ्यावरचा मच्छीमार जे रोज करतो ते आपल्याला एकदाच, पण नीट करावे लागते.

खारे पाणी मोटरीच्या आत जाते तरी कसे?

ते आपणच नेतो. मोटारसायकल सहसा वाऱ्याने थंड होते आणि चारचाकीला रेडिएटर असतो, पण आउटबोर्ड मोटर ज्या पाण्यात उभी असते तेच पाणी ओढून स्वतःला थंड करते. खालच्या गिअरकेसच्या बाजूला जाळीदार फटी असतात. त्यांतून आलेले पाणी रबरी पात्यांचा इंपेलर वर ढकलतो. ते सिलिंडरभोवतीच्या अरुंद वाटांमधून फिरते, थर्मोस्टॅटपाशी, म्हणजे इंजिन तापल्यावर उघडणाऱ्या झडपेपाशी, येते आणि बहुतांश धुराबरोबर खाली उतरून बाहेर पडते. त्यातलीच एक बारीक धार मोटरीच्या मागच्या बाजूने सतत पडत राहते. पाणी वर चढते आहे की नाही हे आपल्याला त्या धारेवरून कळते.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. इंजिन बंद झाल्यावर बरेचसे पाणी आपोआप उतरते, परंतु वळणांमध्ये, थर्मोस्टॅटच्या खोबणीत आणि गॅस्केटच्या कडांना थोडे अडकतेच. समजा पाव लिटरसुद्धा नाही, फक्त २०० मिलिलिटर पाणी राहिले आणि वाळले, तर मागे सात ग्रॅम क्षार उरतात, म्हणजे चहाचा एक चमचा भरून थोडे वर. दोन वर्षे रोज समुद्रात जाणारी आणि न धुतलेली मोटर असेल तर हिशेब कुठे जातो, ते वेगळे सांगायला नको.

पाणी एकदा वाळले की मीठ काही करत नाही, असे विकणारे सांगतात. ते खरे आहे का?

अर्धे खरे आहे आणि म्हणूनच फसवे आहे. कोरडे मीठ धातूला फारसे खात नाही. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की मोटरीतले मीठ निपचित पडून राहते, मोटर दोरीच्या एका ओढीत चालू होते आणि घेणारा समाधानाने पैसे मोजतो. परंतु हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतून पाणी ओढून स्वतःच ओले होते. स्वयंपाकघरातल्या बरणीत श्रावणात मीठ चिकट होते ते यामुळेच. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, त्यामुळे ते त्याहून कमी आर्द्रतेतही ओल धरते. असे ओले मीठ ॲल्युमिनियमवर बसले की त्यातील क्लोराइड धातूवरचा संरक्षक पापुद्रा फोडते आणि बारीक खड्डे पडू लागतात. जवळ स्टीलचा बोल्ट असेल तर दोन वेगळ्या धातूंमध्ये विद्युतप्रवाह सुरू होऊन ॲल्युमिनियम आणखी वेगाने झिजते.

म्हणून उन्हाळ्यात घेतलेली मोटर पावसाळ्यानंतर गरम होऊ लागली किंवा तिचे बोल्ट जागीच गोठले, तर दोष पावसाचा नसतो. मीठ आधीपासूनच आत होते.

मोटर उजनीच्या गोड्या पाण्यात चालवली की ती आपोआप धुतली जाणार नाही का?

बऱ्याच अंशी धुतली जाते. ही गोष्ट आम्ही नाकारत नाही, कारण मीठ पाण्यात सहज विरघळते आणि जलाशयात पंधरा-वीस मिनिटे चाललेल्या मोटरीतून गोडे पाणी भरपूर वाहून जाते. तरीही यावर विसंबू नये, याला दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे वाळलेल्या मिठाने एखादी अरुंद वाट बंद केली असेल, तर पाणी तिथे पोहोचतच नाही. ते मोकळ्या वाटेने निघून जाते आणि बंद वाटेजवळचा सिलिंडर तापत राहतो. दुसरे म्हणजे अशी मोटर पहिल्याच दिवशी भर पाण्यात पूर्ण वेगाने चालवली जाते. गरम होऊन ती बंद पडली तर होडी मध्यावर अडकते, आणि उजनीत दुपारनंतर वारा सुटला की लाटा कशा उठतात ते काठावरच्या लोकांना ठाऊक आहे. त्यामुळे मोटर आधी जमिनीवर, मंद गतीने, डोळ्यांसमोर धुवावी आणि मगच होडीला लावावी.

किनाऱ्यावरच धुऊन घ्यावी की येथे आणून?

शक्य असेल तर दोन्हीकडे. मोटर शेवटची समुद्रातून बाहेर निघाली त्याच दिवशी, आतले पाणी वाळण्याआधी धुतली तर दहा मिनिटांत जे काम होते, ते वाळल्यानंतर तासाभरातही होत नाही. आम्ही एकदा विकणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून मोटर तशीच आणली. टेम्पो वाटेत दोन दिवस उन्हात थांबला होता. येथे थर्मोस्टॅटचे झाकण उघडले तेव्हा आत खडीसाखरेसारखे खडे होते आणि थर्मोस्टॅट उघड्या स्थितीत अडकून बसला होता. तेव्हापासून व्यवहार ठरवताना आम्ही एकच अट घालतो की मोटर आमच्यादेखत पाणी लावून चालवून दाखवावी. त्यातच ती धुतलीही जाते आणि तिची प्रकृतीही कळते.

धुण्याच्या पद्धती कोणत्या आहेत? इंजिन चालू ठेवायचे की बंद?

याचे उत्तर पद्धतीवर अवलंबून आहे आणि सर्वांत जास्त नुकसान येथील गोंधळामुळेच होते.

अनेक चार-स्ट्रोक मोटरींना बाजूला नळी जोडण्यासाठी खास तोंड असते. तेथे नळी लावून पाणी सोडले की ते इंजिनच्या वाटांमधून फिरून खाली उतरते. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत या वेळी इंजिन बंद ठेवायला सांगितलेले असते, कारण इंपेलर बराच खाली असतो आणि नळीचे पाणी त्याला पुरेसे मिळत नाही. इंजिन सुरू केले तर तो कोरडाच फिरून जळतो. काही मॉडेलना मंद गतीत चालवण्याची परवानगी असते. म्हणून आपल्या मॉडेलची पुस्तिका पाहिल्याशिवाय किल्ली फिरवू नये.

दुसऱ्या पद्धतीत पाणी ओढण्याच्या फटींवर दोन्ही बाजूंनी रबरी वाट्या बसवतात आणि त्यांना नळी जोडतात. येथे इंजिन चालू ठेवावे लागते. आधी नळ, मग इंजिन आणि बंद करताना आधी इंजिन, मग नळ, हा क्रम मोडू नये. मोटर न्यूट्रलमध्ये व मंद गतीतच असावी. या दहा-पंधरा मिनिटांत इंजिन तापून थर्मोस्टॅट उघडतो आणि वरच्या वाटांमध्येही पाणी जाते. वाटी सरकली तर मागची धार लगेच बारीक होते, त्यामुळे मोटर सोडून चहाला जाऊ नये. होडी ढकलणाऱ्या खालच्या पंख्याजवळ कोणी उभे राहू नये आणि जमत असेल तर पंखा काढूनच ठेवावा.

तिसरी पद्धत टिपाडाची. सोलापूरसाठी आम्हाला हीच सर्वांत योग्य वाटते.

टिपाडात मोटर नेमकी कशी धुवावी?

दोनशे लिटरचे, वरून पूर्ण उघडे आणि आतून स्वच्छ टिपाड घ्यावे. त्यात पूर्वी रंग, रसायन किंवा तेल असेल तर ते घेऊ नये. मोटर लाकडी घोडीला किंवा भिंतीला पक्क्या बसवलेल्या जाड फळीला आवळावी आणि तिचा खालचा भाग पाण्यात सोडावा. पाणी फटींच्या वर, म्हणजे पंख्याच्या वरच्या आडव्या पाटीच्याही चार बोटे वर असले पाहिजे. पंखा टिपाडाच्या कडेला लागत असेल तर तो आधी काढावा. मग न्यूट्रलमध्ये मंद गतीत इंजिन चालवावे. गिअर टाकायचा नाही, कारण टाकला तर पाणी उसळून अर्धे टिपाड रिकामे होते आणि इंपेलर उघडा पडतो. धूर पाण्यातून बुडबुड्यांनी वर येतो, म्हणून हे काम बंद शेडमध्ये न करता अंगणात करावे. पाणी कोमट होऊ लागले की इंजिन थांबवावे. पहिले पाणी काढून दुसरे ताजे भरावे आणि पुन्हा दहा मिनिटे चालवावे. मोटर जुनी असेल तर पहिल्या फेरीनंतर रात्रभर तशीच ठेवावी, म्हणजे भिजलेले खडे सैल होतात आणि दुसऱ्या दिवशीच्या फेरीत निघून जातात.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. एवढे पाणी आणायचे कोठून?

हा प्रश्न सोलापूरकरच विचारू शकतो आणि तो रास्त आहे. नळीचा हिशेब आधी करून पाहावा. पंधरा लिटरची बादली एका मिनिटात भरत असेल तर दहा मिनिटांत दीडशे लिटर पाणी वाहून जाते. शिवाय घराच्या गच्चीवरील टाकीतून येणाऱ्या पाण्याला दाब कमी असतो. दहा मीटर उंचीला साधारण एक बार असा तो हिशेब आहे, त्यामुळे एकमजली घरावरच्या टाकीतून जेमतेम तीन-चार दशांश बार मिळतो आणि रबरी वाट्यांची पद्धत अशा दाबावर भरवशाची राहत नाही. टिपाडात मात्र मोटर स्वतःच पाणी ओढते, दाबाची गरज नाही. दोन टिपाडे म्हणजे चारशे लिटर पाणी लागते, पण ते आयुष्यात एकदा. वापरलेल्या पाण्यात तेलाचा व धुराचा अंश असल्यामुळे ते झाडांना किंवा जनावरांना देऊ नये.

होडी जलाशयाच्या काठीच असेल तर सरळ काठावरच्या स्वच्छ, गाळ नसलेल्या पाण्यात मोटर उभी करून, होडी बांधलेली ठेवून, न्यूट्रलमध्ये धुता येते.

बोअरचे जड पाणी चालते का?

मीठ काढण्यासाठी चालते. आपल्याकडील काळ्या पाषाणातल्या बोअरचे पाणी जड असते हे खरे, पण ‘खारट लागते’ असे ज्याला आपण म्हणतो ते पाणीसुद्धा समुद्राच्या तुलनेत फारच गोडे असते. जड पाण्याचा थर मुख्यतः ते तापल्यावर बसतो, जसा गिझरच्या कॉइलवर बसतो. एक-दोन वेळा वीस मिनिटे मंद गतीत चालवल्याने असा थर बसेल ही भीती नको. मात्र रोजच धुवायचे असेल तर जलाशयाचे पाणी बोअरपेक्षा बरे.

मीठ पूर्ण निघाले हे कसे ओळखावे? पाणी चाखून पाहावे का?

चाखू नये. त्यात पेट्रोल आणि तेलाचा अंश असतो. आपल्या भागात पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, मोजणारे पेनासारखे छोटे यंत्र आरओवाल्यांकडे सहज मिळते आणि त्याचा येथे उत्तम उपयोग होतो. आधी मोटर बाहेरून धुऊन घ्यावी, म्हणजे बाहेरचे मीठ हिशेबात येणार नाही. मग टिपाडातील पाण्याचा आकडा मोटर चालवण्यापूर्वी लिहून ठेवावा आणि नंतर पुन्हा मोजावा. सात ग्रॅम मीठ दोनशे लिटरमध्ये विरघळले तर आकडा साधारण ३५ ने वाढतो, म्हणजे एक चमचा मीठसुद्धा त्या यंत्राच्या नजरेतून सुटत नाही. दुसऱ्या टिपाडात वाढ अगदी किरकोळ दिसली की विरघळण्याजोगे मीठ निघाले असे समजावे. आमच्या अनुभवात पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यातील फरक पाहिल्यावर मालकाला अधिक काही समजावून सांगावे लागत नाही.

आत पांढरा थर दिसतो. तो मीठच असतो का?

नेहमीच नाही. थोडा खरवडून पाण्यात टाकावा. विरघळला तर मीठ. विरघळला नाही, पण पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात बुडबुडे आले, तर तो चुनकट थर आहे आणि नुसत्या पाण्याने तो निघणार नाही. दोन्हींत काहीच झाले नाही तर बहुधा तो ॲल्युमिनियमच्या गंजाचा भुगा आहे, म्हणजे धुण्याची वेळ निघून गेली असून आता धातू किती उरला आहे ते पाहायचे आहे.

चुनकट थरासाठी फरशी धुण्याचे ॲसिड वापरले तर?

कधीही वापरू नये. न्हाणीघराच्या फरशीचे पांढरे डाग घालवणारे ॲसिड ॲल्युमिनियम थरापेक्षा आधी खाते. कॉस्टिक सोड्याचेही तेच. सूत रंगवणाऱ्या आपल्या शहरात तो ओळखीचा आणि हाताशी असतो, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहोत, कारण ॲल्युमिनियम कॉस्टिकमध्ये अक्षरशः विरघळते. थर पातळ असेल तर सुटे केलेले झाकण किंवा थर्मोस्टॅट पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये थोडा वेळ बुडवून, ब्रशने घासून लगेच गोड्या पाण्याने धुवावा. थर इंजिनच्या वाटांमध्ये असेल तर सागरी इंजिनांसाठीच बनवलेले द्रावण वापरावे आणि ते काम जाणकार मेकॅनिककडून करून घ्यावे.

धुण्याबरोबर ॲनोडही बदलावे लागतात असे ऐकले. ते काय प्रकरण आहे?

मोटरीच्या खालच्या भागावर आणि काही मॉडेलमध्ये सिलिंडरच्या आतही धातूचे छोटे तुकडे बसवलेले असतात. ते स्वतः झिजतात आणि मोटरीचे ॲल्युमिनियम वाचवतात. समुद्रातल्या मोटरीला पुष्कळदा जस्ताचे ॲनोड असतात. गोड्या पाण्यात जस्तावर पापुद्रा चढतो आणि ते काम करणे थांबवते. ते झिजत नाही, म्हणून मालकाला वाटते की सारे उत्तम चालले आहे! उजनीसाठी मॅग्नेशियमचे किंवा ॲल्युमिनियम मिश्रधातूचे ॲनोड घ्यावेत. मोटर पुन्हा समुद्रावर जाण्याची शक्यता असेल तर ॲल्युमिनियमचेच बरे, कारण मॅग्नेशियम खाऱ्या पाण्यात फार लवकर संपते. बसवताना खालची जागा खरवडून धातूला धातू लागेल असे पाहावे. ॲनोडवर रंग देऊ नये. निम्मा झिजला की तो बदलावा.

इंपेलर बदलायलाच हवा का?

जुन्या मोटरीत हो. तो कधी बदलला होता हे विकणाऱ्याला सहसा आठवत नाही, भाग तुलनेने स्वस्त असतो आणि तो फाटला तर त्याचे तुकडे वरच्या वाटांमध्ये अडकतात.

मोटर आता उजनीतच चालते. तरीही ती धुवावी लागते का?

मिठासाठी नाही, गाळासाठी कधीकधी. पावसाळ्यात धरण भरलेले असताना पाणी खोल असते, परंतु उन्हाळ्यात पातळी मृतसाठ्यात उतरते, आपण म्हणतो तसे ‘उजनी वजा जाते’, तेव्हा काठाजवळ मोटर पाण्याबरोबर चिखलही ओढते. हा बारीक गाळ इंपेलरची पाती घासतो आणि वाळला की मडक्यासारखा कडक होतो. अशा दिवसांत काम संपल्यावर खोल पाण्यात पाच मिनिटे मंद गतीत मोटर चालवून मगच ती उचलावी. जलपर्णीची मुळे फटींवर गुंडाळली जातात, ती इंजिन बंद करून हाताने काढावीत. जाळ्याचा नायलॉन धागा पंख्यामागे शाफ्टवर गुंडाळला गेला तर तो सील कापतो आणि गिअर ऑइलमध्ये पाणी शिरते. ऑइल दुधाळ झाले असेल तर आधी तिकडेच पाहावे.

पूरबचावाच्या रबरी बोटीवरील ओबीएमला (आउटबोर्ड मोटरला) हेच नियम लागू आहेत का?

पुराचे पाणी खारे नसते, पण गढूळ असते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला आलेल्या पुरासारख्या प्रसंगी मोटरी कित्येक तास मातीच्या पाण्यात चालतात आणि नंतर महिनोन्‌महिने गोदामात पडून राहतात. त्यामुळे बचावकार्य संपल्यावर मोटर टिपाडात धुतल्याशिवाय गोदामात ठेवू नये. पथकाची मोटर पूर्वी किनारी भागात वापरली गेली असेल तर वरील सर्व उत्तरे तिलाही लागू होतात.

धुतल्यानंतर मोटर कशी ठेवावी?

उभी. आडवी टाकली तर आतले उरलेले पाणी सिलिंडरकडे सरकू शकते. पाणी पूर्ण निथळू द्यावे. कार्ब्युरेटरची मोटर महिनाभर वापरायची नसेल तर पेट्रोलची नळी काढून, मोटर टिपाडातच असताना, आतले पेट्रोल संपेपर्यंत चालवावी, कारण इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ओल धरते. फ्युएल इंजेक्शनच्या मोटरीत असे करू नये. वरचे झाकण काढून इंजिनवर थेट पाण्याचा फवारा मारण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळावा आणि तेथे ओल्या फडक्याने पुसून गंजरोधक फवारा द्यावा. पंखा काढला असेल तर शाफ्टच्या दातांना पाण्यात न धुपणारे सागरी ग्रीस लावूनच तो परत बसवावा आणि नटातली पिन नवी घालावी.